पाहुण्यांना ऊठ कोण म्हणणार?

दार लागेनासं झालं तेव्हा लिरिकाला पहिल्यांदा धास्ती वाटली.

मधल्या मजल्यावरचं, जिन्याकडे उघडणारं ते दार उन्हाळाभर नीट लागत होतं. सप्टेंबरात तिच्या नवऱ्याने, नेवरूझने, तिथली भिंत पाडली आणि लगेचच दाराचा वरचा कोपरा चौकटीला घासायला लागला. नेवरूझने रंधा मारून कोपरा तासून दिला. थोड्या दिवसांनी पुन्हा घासायला लागला, त्याने पुन्हा तासला. त्यानंतर तिने त्याला सांगितलंच नाही. दार उघडंच टाकलं आणि विचार करत बसली, की दार काही मोठं होत नाही. म्हणजे चौकट खाली येतेय. आणि चौकटीच्या वर काय आहे ते तिला पक्कं माहीत होतं. वर मानाची खोली होती.

जिरोकास्तर गावाच्या त्या चढावर ज्याला त्याला आपापल्या घराचा ताठा. नेवरूझला जरा जास्तच, आणि त्याला कारणही होतं. पाच-सहा पिढ्यांचं घर. दगडाच्या भिंती, वर दगडाच्याच फरशांचं छप्पर, तळाला पावसाच्या पाण्याचा हौद आणि सगळ्यात वर पाहुण्यांसाठी राखलेली मानाची खोली. घरच्यांनी खालच्या अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने निजायचं, आणि घरातली सगळ्यात उजेडाची, सगळ्यात देखणी खोली कोण कधी येईल त्या पाहुण्यासाठी झाडून-पुसून बंद ठेवायची, असला हा पिढीजात कारभार. खोलीच्या छताला कोरीव लाकूड, मधोमध सोनेरी सूर्य. शेकोटीवर भिंतीत रंगवलेली डाळिंबं. ओळीने खिडक्या, प्रत्येक खिडकीत बसायला दगडी बैठक. एका अंगाला उंचावर लाकडी जाळीचा सज्जा, जिथून पूर्वी घरातल्या बायका पाहुण्यांना चोरून बघायच्या. लिरिका लग्न होऊन या घरात आली तेव्हा पाहुण्यांच्या जागी तिथे कबुतरं राहत होती.

मग नेवरूझ ग्रीसला गेला, वर्षानुवर्षं तिथे गवंडीकाम केलं आणि परत आला तो एकच ध्यास घेऊन. घर उभं करायचं. आणि केलंन, खोटं कशाला बोला. छपरावरची एकेक फरशी उतरवून पुन्हा बसवली. सूर्याला सोनेरी मुलामा दिला. डाळिंबं पुसून काढली तेव्हा खालून असा लाल रंग निघाला, की नेवरूझ तिथेच बसून रडला. पुढच्या उन्हाळ्यापासून प्रवाशांना खोल्या द्यायच्या, पण त्याआधी लेकीला, मिमोझाला, याच मानाच्या खोलीतून सासरी पाठवायचं, हे त्याने मनाशी धरलं होतं.

फक्त एक केलं. मधल्या मजल्यावर दोन खोल्यांच्या मधे मातीने लिंपलेली लाकडी भिंत होती, तिच्या पोटात ओकचा एक खांब. प्रवाशांना न्याहारीसाठी ऐसपैस जागा हवी, म्हणून नेवरूझने भिंत पाडली आणि खांब कापून टाकला. वर आडवी जाणारी तुळई माणसाच्या कमरेएवढी जाड होती. "बघ," तुळईवर थाप मारून तो म्हणाला होता, "हिला काय धाड भरलीय? अख्खं लग्न नाचेल हिच्यावर." आणि वरच्या खोलीची जमीन उंचसखल झाली होती, ती त्याने फळ्यांखाली वाळू-सिमेंट भरून सपाट करून घेतली. तो सगळा भार आता त्या एका तुळईवर होता. तुळई जुनी होती, आणि तिच्याखाली आता काही नव्हतं.

"तो खांब परत लाव," लिरिका म्हणाली.

"लग्नाच्या तोंडावर? रंग सुकलाय परवाच."

"रात्री आवाज येतो, नेवरूझ."

"लाकूड आहे. बोलणारच."

"बोलतंय तेच सांगतेय. काय बोलतंय ते ऐक ना एकदा."

"लग्न होऊ दे. मग तू म्हणशील तिथे खांब लावतो. तुझ्या डोक्यावर लावतो एक." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

मग अंगणात मांडव घालू, असं ती म्हणाली. तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. मानाची खोली असताना व्याह्यांना अंगणात बसवायचं? लिबोहोवाची माणसं ती, दरीपलीकडून रोज आपलं छप्पर बघतात. घरात घेतलं नाही म्हणून जन्मभर बोलतील. लिरिकाने हात जोडले, रडली, एक दिवस जेवली नाही. शेवटी त्याने एवढंच कबूल केलं, की वर फक्त बसायचं, पाहुणचार घ्यायचा. नाच अंगणात. वाजंत्री खालीच बसतील. त्यावर तिने मन घट्ट केलं. रात्री मात्र ती उघड्या डोळ्यांनी पडून राही, आणि वरून कर्र असं झालं की नेवरूझचा दंड धरून ठेवी. तो घोरत असे.

रविवारी दुपारी व्याही आले. हॉर्न वाजवत गाड्यांची रांग चढ चढून आली, कुणीतरी आभाळात पिस्तूल झाडलं आणि लिबोहोवाचं अख्खं वऱ्हाड फाटकातून आत आलं. नवरा मुलगा रीतीप्रमाणे आपल्या घरी थांबला होता. सगळ्यांच्या पुढे त्याचा बाप हेकुरान. बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. दारात मावणार नाही असा देह आणि तसाच आवाज. मागून त्याची बायको शुक्रिए, चिमटीत हातरुमाल धरून, डोळ्यांनी घराची मोजदाद करत.

"वा, व्याही, वा!" हेकुरान वर येऊन सोनेरी सूर्याखाली उभा राहिला आणि मान मागे टाकून बघतच राहिला. "राजवाडा केलात की! आमची सून इथून आमच्या खुराड्यात कशी राहणार?"

"खुराडं तुमचं, कोंबडी आमची," नेवरूझ म्हणाला आणि खोलीभर हसू पिकलं. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. इतक्या वर्षांत लिरिकाने त्याला असं पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे तिला आणखीच भीती वाटली.

सगळे भिंतीलगतच्या गाद्यांवर बसले तोवर ठीक होतं. पहिली कॉफी झाली, मिठाई झाली, राकी या कडक दारूचे छोटे पेले फिरले. पुरुषांनी गाणं धरलं. एकाने उचलायचं, दुसऱ्याने वळवायचं, बाकीच्यांनी खालून एकच सूर धरून ठेवायचा. रीतीप्रमाणे चोऱ्याही सुरू झाल्या. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरून चमचे-पेले लंपास केलेच पाहिजेत, आणि एक उंच काका तर पेला खिशात घालताना लिरिकाकडे बघून डोळाही मिचकावून गेले. ती हसली. तिचे कान मात्र जमिनीकडे होते.

जेवण लावायला ती खाली मधल्या मजल्यावर आली. नव्या ऐसपैस खोलीत टेबलांवर ताटं मांडलेली होती. भाजलेलं कोकरू, चीज, पुदिना घातलेले भाताचे तळलेले गोळे. नात्यातल्या बायका वाढण्याच्या गडबडीत होत्या. नेवरूझची थोरली बहीण नेज्मिए मधोमध उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होती. ती याच घरात वाढलेली, त्यामुळे लिरिकाने केलेल्या कुठल्याही गोष्टीवर बोलायचा आपला हक्क आहे असं तिचं पक्कं मत.

"लिरिका, या गोळ्यांवर पीठ कोणी भुरभुरलं? आमच्या आईने कधी असं केलं नाही."

लिरिकाने पाहिलं. भाताच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी पडली होती. तिने बोट लावलं. पीठ नव्हतं, चुना होता. तिने हळूहळू वर बघितलं. तुळईच्या कडेने, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, नव्या रंगात एक भेग गेली होती. सकाळी नव्हती. आणि ती बघत असतानाच वर क्लॅरिनेट वाजलं. अंगणात नव्हे. वर.

हेकुरानने वाजंत्र्यांना वर बोलावलं होतं.

पहिलं पाऊल पडलं, मग सगळ्यांची एकदम. धप्, धप्, धप्. भेगेतून चुना पावडरीसारखा गळायला लागला.

"सगळी ताटं अंगणात न्या!" लिरिका ओरडली. "सगळी! आत्ता!"

"अगं, पण वर..."

"वन्सं, तुमच्या पाया पडते. सगळ्या बायकांना घेऊन अंगणात जा. इथे कुणी थांबू नका." नेज्मिएने तोंड उघडलं, पण भावजयीचा चेहरा बघून मिटलं आणि एक परात उचलली.

लिरिका जिना चढून वर गेली. जिना दगडी, भक्कम. जिन्याच्या एका बाजूला मिमोझाची खोली, तीही दगडी कमानीवर. दुसऱ्या बाजूला मानाची खोली. दारातून आत पाऊल टाकायची हिंमत होईना, म्हणून ती बाजूच्या अरुंद पायऱ्यांनी जाळीच्या सज्ज्यात गेली आणि तिथून खाली पाहिलं.

वरून सगळं दिसत होतं. हेकुरान हातरुमाल फिरवत पुढे, मागे हातात हात गुंफून मोठी रांग, आया, काका, तरण्या पोरी. जमिनीवर लिरिकाने स्वतः अंथरलेला पट्ट्यापट्ट्यांचा गालिचा. पट्टे सरळ विणलेले होते. आता खोलीच्या मधोमध ते वाकले होते. पाय एकदम पडले की मध्य आणखी खाली जाई, आणि पाय उचलले की पूर्ण वर येत नसे.

लिरिकाने जाळी घट्ट धरली.

तेवढ्यात खालून एक आवाज आला. मोठा नव्हता. जाड दोराचा एक पदर तुटावा तसा. नाचणाऱ्यांना तो ऐकू गेला नाही, क्लॅरिनेट जोरात होतं. पण शेकोटीपाशी उभ्या असलेल्या नेवरूझला ऐकू गेला. त्याच्या हातातली राकीची बाटली तिरपी झाली आणि राकी त्याच्या बुटावर सांडली. त्याने वर सज्ज्याकडे बघितलं. जाळीतून तिला त्याचे डोळे दिसले. त्याला कळलं होतं.

ती पायऱ्या उतरून दाराशी आली. भिंतीच्या कडेकडेने तो तिच्यापर्यंत आला.

"त्यांना खाली ने," ती कुजबुजली.

"कसं?"

"कसं म्हणजे? सांग त्यांना!"

"मी सांगू? माझ्या घरातून, माझ्या तोंडाने, पाहुण्यांना ऊठ म्हणू?" त्याचे ओठ पांढरे पडले होते. "लिरिका, या खोलीत आजवर कुणाला ऊठ म्हटलेलं नाही. माझ्या बापाने उपाशी राहून पाहुण्यांना जेवू घातलंय इथे. हा नाच संपू दे. संपला की बसतील."

"संपेपर्यंत आपण कुणीच राहणार नाही!"

"थोडा वेळ गं. थोडाच वेळ." आणि तो वळला, हसरा चेहरा करून एका म्हाताऱ्याचा पेला भरायला लागला. लिरिकाला त्याचा भयंकर राग आला, आणि रागाहून भयंकर होतं ते हे, की त्याचं म्हणणं तिलाही कळत होतं. तीही याच मुलुखातली. पाहुण्याला ऊठ म्हणणं तिच्याही जिभेवर येत नव्हतं. आणि घर पडतंय असं ओरडावं, तर सगळे एकदम दाराकडे धावतील. धावण्यानेच ते पडेल.

पाहुणे आपण होऊन कधी उठतात? तिने डोळे मिटून विचार केला. नवरी निघाली की उठतात. नवरी निघाल्यावर वऱ्हाड वर बसूच शकत नाही.

ती मिमोझाच्या खोलीत धावली. मिमोझा पांढऱ्या पोशाखात खाली मान घालून खुर्चीवर बसली होती, दोघी मैत्रिणी तिच्या पोशाखाचा घोळ सारखा करत होत्या. लिरिकाने मैत्रिणींना बाहेर काढलं आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसली.

"ऊठ. जिना उतर, अंगणातून फाटकाबाहेर जा आणि गाडीपाशी उभी राहा. एकटी. आत्ता."

"आई? अजून मागायला कुठे आलेत?" नवरीला तीनदा मागायचं, ती रडायची, भावाने हात धरून न्यायची, मग निघायचं. आपल्या पायांनी, न मागता निघालेल्या नवरीला काय म्हणतात ते चढावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मिमोझा, मानाच्या खोलीची जमीन खचतेय. बाबाने खालचा खांब कापलाय ना, तिथली. ते सगळे नाचतायत. आम्ही त्यांना ऊठ म्हणू शकत नाही. तू निघालीस तर उठतील."

मिमोझाने आईकडे बघितलं. एकवीस वर्षांची पोर ती, तिला आज सगळ्यात सुंदर दिसायचं होतं. "आई, जन्मभर बोलतील मला. सासूबाई तर पहिल्या दिवसापासून."

"बोलतील. जन्मभर बोलतील." लिरिकाला रडू आवरेना. "माझ्या राणी, मी तुझ्याकडे काय मागतेय ते कळतंय मला."

मिमोझा उठली. तिने घोळ हातात गोळा केला, आईच्या कपाळावर ओठ टेकवले आणि जिना उतरून गेली. खाली अंगणात एक किंकाळी उठली, मग दुसरी. "नवरी निघाली! अगं बाई, एकटीच निघाली!"

वर क्लॅरिनेट मधेच थांबलं.

"निघाली?" हेकुरानचा आवाज आला. "आम्ही मागितली कुठे?"

"एवढी घाई झाली होय सुनेला!" शुक्रिएचा आवाज. कुणीतरी फिदीफिदी हसलं. आणि अख्खी खोली दाराकडे वळली.

लिरिका तोवर मानाच्या खोलीच्या उंबरठ्यात येऊन उभी होती. समोरून सगळे एकदम येत होते, आणि त्यांच्या पायांखाली गालिचा वाटीसारखा होत होता. नवरी निघाली म्हणूनही सगळे असेच एकदम दाराकडे येतील, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले.

"थांबा!" ती म्हणाली. आवाज फाटला, पण निघाला. "या घराची रीत आहे. या खोलीतून निघताना पाहुण्यांनी भिंतीला हात लावायचा. एकेकाने, भिंतीच्या कडेकडेने, सावकाश चालत, घराला आशीर्वाद देत. नाहीतर नवरीला लाभत नाही."

सगळे थबकले. तेवढ्यात तिच्या पाठीमागून, जिन्यातून, नेज्मिएचा आवाज आला. "रीत? कुठली रीत? मी या घरात जन्मले..."

लिरिकाने मान वळवली. नेज्मिएने तिच्याकडे बघितलं, तिच्या खांद्यावरून खोलीत बघितलं, गालिच्याच्या पट्ट्यांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"अगंबाई, हो," नेज्मिए म्हणाली. "आईच्या वेळेपासूनची आहे. मीच मेली विसरले." आणि आयुष्यात कधी भावजयीची बाजू न घेतलेली ती बाई आत आली, पहिल्या भिंतीला तळवा टेकवून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चला, व्याही, तुम्ही आधी. आणि सावकाश हं. पळालात तर नातवंडं भित्री होतील."

पाहुण्याला हुकूम देता येत नाही. पण घराची रीत पाहुणाही मोडत नाही. हेकुरानचा राग चेहऱ्यावर होता, तरी त्याने आपला भलामोठा पंजा दगडावर ठेवला. "हे घर उभं राहो," तो पुटपुटला आणि पाऊल पाऊल टाकत निघाला. त्याच्या मागे शुक्रिए, मग बाकीचे. भिंतीत रोवलेली वाशांची टोकं अजून धरून होती. एकेक माणूस उंबरठा ओलांडून जात होतं, एकेक माणसाबरोबर लिरिका एकेक श्वास सोडत होती. उंच काका रांगेतून वाकून पेला उचलायला निघाले तेव्हा नेज्मिएने त्यांचा कानच धरला. कडेने पाय घासत सगळे गेले. शेवटी क्लॅरिनेटवाला, मग नेज्मिए.

नेवरूझ मात्र पलीकडे शेकोटीपाशीच होता. यजमान सगळ्यांच्या शेवटी निघतो.

"ये," लिरिका हात पुढे करून म्हणाली. "भिंतीला धरून ये."

त्याने खिडक्यांच्या बाजूची भिंत धरली. एक खिडकी ओलांडली. दुसरीपाशी आला. मग काहीही न होता, कुणाचं पाऊलही न पडता, खोलीच्या मधोमध जमीन नाहीशी झाली.

लिरिकाला नंतर तो आवाज कधी आठवला नाही. धूळ आठवली. तोंडात, डोळ्यांत चुना. तिच्या पायाखालचा दगडी उंबरठा तेवढा होता आणि पुढे काहीच नव्हतं. ती नावाने हाका मारत राहिली. उत्तर येईना. मग ती वळली आणि जिना उतरून अंगणात कशी आली ते तिला कळलं नाही.

अंगणात सगळे वर बघत होते. धूळ खिडक्यांतून बाहेर येत होती. हळूहळू विरळ झाली तेव्हा दुसऱ्या खिडकीत नेवरूझ दिसला. दगडी बैठकीवर, पाय आत पोकळीत सोडून, लग्नाच्या सुटात, पांढराफटक. वर सोनेरी सूर्य जिथल्या तिथे होता.

हेकुरानने आपल्या माणसांकडे बघितलं, एकेकाकडे. शुक्रिएने तोंडात हातरुमाल कोंबला होता.

"विहीणबाई," तो म्हणाला, "ती रीत..."

"नव्हती," लिरिका म्हणाली. "कसलीच रीत नव्हती."

त्याने टोपी काढली. द्राक्षाच्या मांडवाला टेकलेली लांबलचक शिडी ओढली, खिडकीखाली लावली आणि एवढा देह घेऊन स्वतःच चढला. बाकीच्यांनी शिडी धरली. लिरिकानेही धरली.

"व्याही, हात द्या," वरून हेकुरानचा आवाज आला.

नेवरूझने हात दिला नाही. "मला माहीत होतं," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्ही नाचत होतात तेव्हा मला कळलं होतं. आणि मी तुमच्या काकांना राकी ओतत होतो. पाहुण्यांना मी..." तो आत पोकळीकडे बघत होता.

"झालं ते झालं. उतरा."

"तुम्ही जा. मुलीला घेऊन जा."

हेकुरानने विनवलं, दटावलं, आईवरून एक शिवीही दिली. नेवरूझ हलला नाही. तो आतल्या बाजूला किंचित झुकला, आणि लिरिकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाहुण्यांनी भरलेली खोली खचताना वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली. या माणसाशी तिने आयुष्य काढलं होतं. तो उतरणार नव्हता. लाजेने तो त्या खिडकीतून आतल्या बाजूला जाईल, हे तिला दाराच्या चौकटीइतकं स्पष्ट दिसत होतं.

"नेवरूझ!" ती ओरडली. त्याने बघितलं नाही.

लोकांत कुजबुज झाली आणि वाट झाली. फाटकातून मिमोझा आत आली होती. निघालेली नवरी त्या दिवशी बापाच्या अंगणात पुन्हा पाऊल टाकत नाही. शुक्रिएने हात पुढे केला, पण तिला अडवलं नाही. मिमोझा पोशाखाचा पांढरा घोळ चुन्यातून ओढत खिडकीखाली येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने, पण रडण्याने तो जाड झाला होता.

"बाबा."

त्याने बघितलं.

"मी सगळ्यांसमोर एकटी चालत बाहेर गेले. न मागता. माझी लाज गेली आज, ती काही परत येत नाही. मग तुझी एकट्याची राखून काय करायचीय?"

"उतर ना रे, बाबा. मला सासरी जायचंय."

नेवरूझच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मग त्याने एक हात चौकटीवरून सोडला आणि हेकुरानच्या हातात दिला. एक पाय चाचपडत बाहेर आला, शिडीची पायरी शोधायला लागला. लिरिका खालून शिडी दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि "डावीकडे, जरा डावीकडे, हां, टेक आता," असं सांगत होती.